साहेबाच्या वाटेने, पण उलट: बामणोली ते दाभोळ

साताऱ्याचा माणूस मे महिन्यात दोनच दिशांना जातो. घरी पाहुणे आले असतील तर वर, महाबळेश्वरला. पाहुण्यांपासून सुटका हवी असेल तर खाली, कोकणात. यंदा दोन्ही एकाच दौऱ्यात उरकायचं ठरलं. गाडी आतेभावाची, म्हणजे दादांची, आणि चालवणारेही तेच. दादा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. कुठलंही पाणी दिसलं की ते आधी टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत, मोजतात आणि मग 'छान आहे' म्हणतात. सोबत बायको आणि दहावीत गेलेला मुलगा. मुलाची एकच अट होती, रोज बोटीत बसायचं. दहावीच्या वर्षाआधीची शेवटची सुट्टी म्हणून ती मान्य झाली आणि सगळा मार्ग तिच्यावरच आखला गेला.

नकाशा बघताना एक गंमत दिसली. पावणेदोनशे वर्षांपूर्वी मुंबईचा गोरा साहेब उन्हाळ्यात याच वाटेने यायचा, फक्त उलट दिशेने. बोटीने बाणकोट, सावित्रीच्या खाडीतून महाडकडे, मग मेण्यात किंवा तट्टावर बसून घाट चढून महाबळेश्वर. तो मेमध्ये समुद्रापासून पळायचा आणि आम्ही मेमध्ये समुद्राकडे धावतो.

शुक्रवार: बामणोली

यवतेश्वरचा घाट चढून कासला आलो. मे महिन्यात पठार म्हणजे नुसता तांबडा कातळ. सप्टेंबरात फुलांसाठी रांगा लावणारी मंडळी या दिवसांत त्याच्याकडे बघतही नाहीत. कास ओलांडून उतरायला लागलं की शिवसागर दिसतो, कोयना धरणाचा जलाशय. "एकशे पाच टीएमसी," दादा म्हणाले. "आत्ता बराच खाली गेलाय. पण छान आहे."

पाणी उतरलेलं असल्यामुळे धक्क्यापासून लाँचपर्यंत चिखलातून, दगडांवरून चालत जावं लागलं. काठावर पाण्याच्या रेघा एकाखाली एक उमटलेल्या. लाँचचं भाडं माणशी नसतं, अख्ख्या लाँचचं असतं; त्यामुळे पुण्याच्या एका कुटुंबाला बरोबर घेतलं. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय तांडेल इंजिन चालू करेना, हे बरं वाटलं.

तांडेल पन्नाशीचा, जावळी खोऱ्यातलाच. मुलाने विचारलं, ही बोट दिवसभर पर्यटकांनाच फिरवते का? तो हसला. "आवो, ही आमची यष्टी हाय. सकाळी माणसं, दुपारी पावनं." म्हणजे सकाळी पलीकडच्या काठावरची गावकरी मंडळी बाजाराला, दवाखान्याला, तहसीलच्या कामाला, दुपारी आमच्यासारखे. लगीनसराईत वऱ्हाडही लाँचनेच जातं. १९६० च्या दशकात कोयना अडली, खोऱ्यातली गावं पाण्याखाली गेली, धरणग्रस्त ठाणे-रायगडपर्यंत पांगले. जे वरच्या अंगाला टिकून राहिले त्यांच्या वाटा बुडाल्या, म्हणून होड्या आल्या, मग लाँच आल्या. वासोट्याला जाणारे, तापोळ्याला 'मिनी काश्मीर' म्हणणारे आम्ही लोक फार नंतर आलो.

'सकाळी माणसं, दुपारी पावनं' हे वाक्य मला पुढचे सगळे दिवस पुरलं. जगभरातल्या सहलीच्या बोटींचा इतिहास बघितला तर तो याहून फारसा वेगळा नाही. पी अँड ओ ही टपाल नेणारी आगबोट कंपनी. तिने १८४४ मध्ये भूमध्य समुद्राच्या सहली विकायला सुरुवात केली, त्या टपालाच्या मार्गांवरच. हॅम्बुर्गच्या कंपनीचं 'आउगुस्टा व्हिक्टोरिया' हे अटलांटिक ओलांडणारं मोठं जहाज. हिवाळ्यात अटलांटिकला उतारू मिळेनात, जहाज रिकामं उभं राहायचं. कंपनी चालवणाऱ्या आल्बर्ट बालिनने १८९१ च्या जानेवारीत ते भूमध्य समुद्राकडे सहलीला काढलं. लोकांनी त्याला हसून घेतलं, पण जहाज भरलं. निव्वळ सहलीसाठी म्हणून बांधलेलं जहाज त्याच कंपनीने १९०० मध्ये पाण्यात उतरवलं. आधी काम, मग रिकामा वेळ, मग त्या रिकाम्या वेळेचं तिकीट. बामणोलीच्या तांडेलाला बालिन ठाऊक असायचं कारण नाही, पण धंदा दोघांचा एकच.

परत कासला चढून मेढ्याच्या वाटेला लागलो. केळघरचा घाट संध्याकाळच्या उन्हात चढला आणि महाबळेश्वरात गाड्यांच्या रांगेत अडकलो. त्या रांगेविषयी काही लिहीत नाही.

शनिवार: महाबळेश्वर

सकाळी लवकर क्षेत्र महाबळेश्वरला, पंचगंगेच्या देवळात. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री, सावित्री अशा पाच नद्या इथे उगम पावतात असं मानतात. कृष्णा, वेण्णा, कोयना पूर्वेला वळतात, शेवटी बंगालच्या उपसागराच्या. सावित्री मात्र कड्यावरून पश्चिमेला उडी घेते आणि बाणकोटला अरबी समुद्राला मिळते. आमचा पुढचा रस्ता तिच्याच काठाने होता. बायकोने गोमुखाखाली बाटली भरून घेतली आणि म्हणाली, ही बाणकोटच्या खाडीत ओतायची. दादांनी लगेच सांगितलं की त्याने पातळीत फरक पडणार नाही.

मग वेण्णा तलाव. हा नैसर्गिक नाही. साताऱ्याच्या गादीवरचे आप्पासाहेब महाराज, म्हणजे थोरले बंधू प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी पदच्युत केल्यावर १८३९ मध्ये गादीवर आलेले शहाजी, यांनी १८४२ मध्ये तो बांधवला. हेतू नौकाविहाराचा नव्हता, गावाला पाणी पुरवण्याचा होता. त्याआधी १८२४ मध्ये जनरल लॉडविक इथे चढून आला होता. १८२९ मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कमने वाईजवळच्या खंडाळ्याच्या बदल्यात ही जागा प्रतापसिंहांकडून घेतली आणि माल्कम पेठ वसली. वस्ती वाढली, पाणी हवं झालं, म्हणून तलाव. आज तिथे वल्ह्याच्या होड्या, पायडलच्या होड्या, काठावर घोडे, मक्याची कणसं आणि 'आमचा नंबर कधी' विचारणारी अख्खी पश्चिम भारताची गर्दी. वल्ह्याची होडी घ्यावी. पायडलची होडी म्हणजे सायकल चालवून कुठेच न पोचणं, असं मुलाचं मत पडलं.

दुपारी आर्थर्स सीटला गेलो. समोर सावित्रीचं खोरं असं काही खोल उतरतं की बोलणं थांबतं. आर्थर मॅलेट हा मुंबई सरकारच्या सेवेतला अधिकारी. पॉइंटला त्याचंच नाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्याची बायको आणि महिन्याभराची मुलगी बाणकोटच्या खाडीच्या तोंडाशी होडी उलटून खलाशांसकट बुडाली. तो इथे बसून त्याच नदीच्या दिशेने बघत राहायचा, असं गाइड सांगतात. बसला असेल-नसेल, पण बाणकोटला त्या दुर्घटनेची समाधी आहे. दौऱ्यात पुढे तिथेच जायचं होतं, त्यामुळे गाइडच्या गोष्टीकडे जरा लक्ष देऊन ऐकलं.

या साहेबांचं एक मला नेहमी नवल वाटतं. त्याच काळात मायदेशी त्यांचे भाईबंद उन्हाळा आला की समुद्राकडे धावत होते. अठराव्या शतकाच्या मध्यावर डॉक्टर रिचर्ड रसेलने खाऱ्या पाण्यात डुंबणं, इतकंच काय ते पिणंसुद्धा, औषध म्हणून सांगितलं. १७८३ पासून इंग्लंडचा युवराज ब्रायटनच्या किनाऱ्यावर जायला लागला आणि समुद्रकिनारा ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली. १८१५ च्या सुमारास लंडनहून मारगेटला वाफेच्या बोटी सुरू झाल्या, तेव्हा दुकानदार आणि कारकूनही किनाऱ्यावर पोचले. १८४१ मध्ये ब्रायटनला रेल्वे गेली. आणि इथे, मुंबईत, दारात समुद्र असताना तीच माणसं बोटीत बसत ती समुद्राला पाठ दाखवायला. मेमधल्या कोकणी घामाची ज्याला कल्पना आहे तो त्यांना दोष देणार नाही. त्यांच्यासाठी बोट हा रस्ता होता, मौज डोंगरावर होती. कोणी बाणकोटवरून यायचे, कोणी नागोठण्याला उतरून. पुढे वाठारपर्यंत रेल्वे आली, तिथून टांगे मिळू लागले, आणि खाडीची वाट मागे पडली.

रविवार: आंबेनळी, महाड, हरिहरेश्वर

आंबेनळी घाट उतरताना प्रत्येक वळणाला हवा जड होत जाते. प्रतापगडाचा फाटा मागे टाकला तेव्हा खिडक्या उघड्या होत्या, पोलादपूरला आलो तेव्हा बंद आणि एसी चालू. करवंदांचे द्रोण विकणाऱ्या पोरी घाटात होत्या. दोन घेतले, एक गाडीतच संपला.

महाडला चवदार तळ्यावर थांबलो. २० मार्च १९२७ चा सत्याग्रह मुलाला पुस्तकातून ठाऊक होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरातली गोष्ट मात्र त्याच्या पुस्तकात नव्हती, आणि ती आमच्या बोटींच्या दौऱ्यात अगदी मधोमध येते. दुसऱ्या परिषदेसाठी डॉ. आंबेडकर मुंबईहून निघाले ते दोनशेहून अधिक लोकांसह 'पद्मावती' बोटीने, कारण धरमतरचे बसवाले त्यांना घ्यायला तयार नव्हते. बोटीने हरिहरेश्वरकडे, तिथून खाडीतून दासगाव, आणि दासगावहून महाड. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं. म्हणजे ज्या सावित्रीतून साहेब थंड हवेसाठी वर गेला, तिच्यातूनच ही माणसंही आली, रस्त्याने येऊ दिलं नाही म्हणून. दासगावला थांबून खाडीकडे बघितलं. गोड्या पाण्याची नदी इथे खाडी होऊन जाते, भरती आत येते. महामार्गावरून ट्रक जातात, आणि इथे एकेकाळी बंदर होतं हे सांगितल्याशिवाय कळत नाही. पाटी हवी होती. आम्हाला तरी दिसली नाही.

म्हसळ्यावरून हरिहरेश्वर. देवळामागची प्रदक्षिणा ओहोटीतच करायची; खडकांत लाटांनी खोदलेली जाळी आहे, ती बघताना भरतीची वेळ विसरू नये. दर्शनाची रांग मोठी, खानावळीत मोदक संपलेले, सोलकढी मात्र भरपूर. इथे आमच्या अटीला बोट मिळाली नाही. मुलाने नोंद घेतली.

सोमवार: बाणकोट, वेळास, हर्णै

बागमांडल्याच्या जेटीवर गाड्यांची रांग. फेरीबोट म्हणजे सपाट लोखंडी तळ, पुढचा झडपासारखा भाग खाली पडतो, त्यावरून गाड्या उलट्या किंवा सुलट्या चढतात. हात करणाऱ्या पोराचं ऐकायचं, आपली अक्कल वापरायची नाही. दादांनी आधी अक्कल वापरली, मग ऐकलं. गाड्यांच्या मधल्या फटींत दुचाक्या, दुचाक्यांच्या मधे माशांच्या टोपल्या आणि आंब्याच्या पेट्या घेतलेल्या बायका. वेसवीला उतरेपर्यंत फोटो काढणारे आणि घड्याळ बघणारे असे दोन तट स्पष्ट दिसतात. 'माणसं' आणि 'पावनं' इथे एकाच खेपेत. बायकोने बाटलीतलं पंचगंगेचं पाणी मधे ओतलं.

वेसवीहून बाणकोट जवळच. हिंमतगड किल्ला आंग्र्यांकडून इंग्रजांनी घेतला आणि १७५६ च्या तहात पेशव्यांनी तो त्यांच्याकडेच राहू दिला. इंग्रजांनी त्याचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलं. पश्चिम किनाऱ्यावर मुंबईबाहेर त्यांना मिळालेल्या अगदी पहिल्या जागांपैकी ही एक. वरून खाडीचं तोंड दिसतं. वाळूचा दांडा आणि त्यावर फुटणाऱ्या पांढऱ्या लाटा बघितल्यावर मॅलेटच्या होडीचं काय झालं असेल ते वेगळं सांगावं लागत नाही.

वेळासला वळलो. नाना फडणवीसांचं हे मूळ गाव, पण त्यांचा जन्म १७४२ चा, साताऱ्यातला. दादांनी हे तिथल्या एका आजोबांना जरा जास्तच ठासून सांगितलं. आजोबा म्हणाले, "जन्म कुठेही होईना हो, घर तर इथलं." विषय संपला. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये इथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. आधी ती खाल्ली जायची. फेब्रुवारी ते एप्रिल पिल्लं समुद्रात सोडली जातात, घरोघरी पाहुण्यांची सोय होते. आम्ही पोचलो तेव्हा हंगाम सरला होता. किनाऱ्यावर आम्हीच.

केळशी, आंजर्ले करत संध्याकाळी हर्णैला, माशांचा लिलाव चालू असताना. हर्णै हे या सगळ्या वाटेवरचं माझं आवडतं ठिकाण, वास धरून. समोर सुवर्णदुर्ग. बंदरात होड्या इतक्या दाटीने की एकीवरून दुसरीवर चालत जावं. मुंबईहून कोकणात येणारी आगबोट इथे थांबायची. ती किनाऱ्याला लागत नसे, बाहेर नांगर टाकायची. मग पडाव आणि मचवे बोटीच्या अंगाला जायचे आणि चाकरमानी पोरांना, ट्रंकांना, म्हाताऱ्यांना घेऊन शिडीवरून त्या डुलत्या मचव्यात उतरायचे. भाऊच्या धक्क्यावरून निघालं की हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला. मे महिन्याची सुट्टी म्हणजे हा प्रवास. त्याला कोणी पर्यटन म्हटलं नाही, 'गावी जाणं' म्हटलं, पण किनाऱ्यावरच्या उन्हाळी सुट्टीची सवय मुंबईला याच बोटींनी लावली असं मला वाटतं. पावसाळ्याच्या समुद्राची किंमतही याच किनाऱ्याने मोजली: १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. पुढे रस्ते सुधारले, एसटी गावोगाव गेली, आगबोटी बंद पडल्या. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. आता मुंबई-गोवा क्रूझची जाहिरात येते तेव्हा जुने चाकरमानी हसतात. ज्या प्रवासात ते ओकत आले, त्याचे लोक आता पैसे मोजतात.

मुक्काम मुरूडला. सुरमई चांगली होती, खोली ठीक.

मंगळवार: मुरूड, दाभोळ, कुंभार्ली

उजाडताना डॉल्फिन बघायला होडीत. होडी मासेमारीचीच, आत जाळं गुंडाळून कडेला ठेवलेलं, त्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर आम्ही. डॉल्फिन दिसले, पाठ आणि पर एवढेच, पण दिसले. होडीवाला म्हणाला, मासळी मिळेनाशी झाली की डॉल्फिनच पोट भरतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा होडी वर ओढून डागडुजी करायची. नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात.

मुरूड हे महर्षी कर्व्यांचं गाव. शाळकरी वयात परीक्षेसाठी ते इथून सह्याद्री चढून साताऱ्याला चालत आले होते, शंभराहून अधिक मैल. आणि तिथे 'तू लहान दिसतोस' म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. आमच्या गावाने केलेला पाहुणचार म्हणून ही गोष्ट मी मुरूडकरांसमोर काढत नाही. मुलाला सांगितली. तो म्हणाला, पालक गेले असते की भांडायला.

दाभोळ ते धोपावे ही या मालिकेतली मोठी फेरी. २००३ मध्ये सुरू झाली. त्याआधी दापोलीकराला गुहागरला जायचं तर खेड-चिपळूणचा वळसा. दाभोळ हे मध्ययुगातलं मोठं बंदर, बहमनी आणि आदिलशाही काळात इथून जहाजं अरबस्तानापर्यंत जायची. आता जेटीवर आइस्क्रीम आणि समोर अंजनवेलच्या बाजूला वीज प्रकल्प, ज्याला अजून सगळे एन्रॉनच म्हणतात.

फेरी मध्यावर असताना दादा कठड्याला टेकून म्हणाले, "हे आपलं पाणी आहे." आम्हाला वाटलं, ऊन लागलं. पण त्यांनी नीट सांगितलं. कोयना पूर्वेला वाहणारी नदी. धरणाने अडवलेलं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला सोडतात, पोफळीच्या बाजूला ते उंचावरून टर्बाइनवर पडतं, वीज होते, आणि वापरून झालेलं पाणी वाशिष्ठीत जातं. वाशिष्ठी चिपळूणवरून इथे, दाभोळच्या खाडीत. "वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी पश्चिमेला सोडायला परवानगी आहे." म्हणजे शुक्रवारी बामणोलीला ज्या पाण्यावर लाँच चालली, त्यातलंच काही या फेरीखाली. मुलाने मोबाइलवर नकाशा उघडून ताडून बघितलं आणि पहिल्यांदाच काकांचा आकडा वहीत लिहून घेतला.

गुहागरला थांबायला वेळ नव्हता. चिपळूणला जेवण, कुंभार्ली घाट, वर कोयनानगर. पाटणपर्यंत दादा टीएमसीतच होते. उंब्रजला महामार्ग लागला.

कुणाला हीच वाट करायची असेल तर मेचा पहिला पंधरवडा बरा. आर्थर्स सीटला सकाळी जा, हरिहरेश्वरला ओहोटी बघून जा, सुट्टीच्या दिवशी फेरीच्या रांगेला तासभर धरून चाला. मे संपत आला की डॉल्फिनच्या होड्या आणि किनाऱ्यावरचे पाण्यातले खेळ बंद होतात. वेसवीची आणि दाभोळची फेरी मात्र हवा फारच बिघडली नाही तर पावसातही चालते, कारण तिच्यावरून माणसं कामाला जातात.